वळणावरची पाहुणी

बाई,

कॉलेजच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी सभा झाली. तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, किती वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंत ते सांगितलं, फोटोला हार घातला. प्रयोगशाळेच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. मी उभी राहिले, "बाईंनी मला खूप शिकवलं" एवढं म्हणाले आणि खाली बसले. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "नंदा, हे काय निरीक्षण झालं? काय शिकवलं, कुठे, कसं, ते लिही." म्हणून लिहिते. आज तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले.

मी कॉलेजात सहायक म्हणून लागले तेव्हा गावाचं नाव कुणाला सांगत नसे. कुठे राहतेस विचारलं की "पनवेल" म्हणायची. तुम्ही मात्र माझा अर्ज नीट वाचला होता. पहिल्याच आठवड्यात, मी काचेच्या बरण्या पुसत असताना तुम्ही विचारलंत, "तुझं गाव खाडीकाठी ना? होडी वल्हवता येते?"

मी म्हणाले, "नाही."

"तळहात दाखव."

मी दाखवला. लहानपणापासूनचे घट्टे होते, ते काही बरण्या पुसून जात नाहीत. तुम्ही माझा हात खाली ठेवलात आणि म्हणालात, "रविवारी सकाळी सहाला येते मी तुमच्या बंदरावर."

आणि आलात. सुती साडी, पायात रबरी चपला, हातात छत्री, पिशवीत चपाती-लोणचं. आईने दारातून तुम्हाला पाहिलं. तुम्ही मासे खात नाही हे कळल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "मावरं खात नाय आन मावऱ्याचंच शिकवते." पुढे कित्येक वर्षं हा गावातला आवडता विनोद होता. तुम्हालाही तो आवडायचा, वर्गात सांगायचात.

त्या पहिल्या वर्षी आपण दोऱ्या टाकल्या. खाडीच्या तोंडापासून आतपर्यंत पाच ठिकाणी, प्रत्येक दोरीला मंगलोरी कौलाचे तुकडे बांधलेले. कौलावर काय काय येऊन बसतं, कधी बसतं, एवढंच बघायचं होतं. दर पंधरा दिवसांनी मी होडी लावायची, तुम्ही दोरी वर ओढायची. आधी बसली ती नेहमीची मंडळी, शेवाळ, बारीक कालवं, दगडाला चिकटणारे पांढरे शंकू. मग पावसाळा सरला, पाणी पुन्हा खारट व्हायला लागलं, आणि एका रविवारी आमच्या खडकाजवळची दोरी वर आली ती काळीच. नखाएवढ्या शिंपल्या, एकीवर एक, केसांसारख्या धाग्यांनी कौलाला घट्ट बांधलेल्या. तुम्ही बराच वेळ ती दोरी मांडीवर घेऊन बसलात. साडी भिजली तरी.

"ही आपली नाही," तुम्ही म्हणालात. "फार लांबची आहे. पलीकडच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावरची. जहाजांच्या पोटाला चिकटून जगभर फिरते."

गावातल्या बायकांनी तिला नाव दिलं, पाव्हणी. तुम्ही वहीत लॅटिन नावाखाली तेही लिहून घेतलंत.

पण पाहुणी दोरीवर थांबली नाही. तुम्हाला माहीत होतं, ओहोटीला आमच्या बायका खडकावर बसून कालवं फोडतात, त्यावर आमची घरं चालतात. आई तर त्यांच्यातली म्होरकी. त्या हिवाळ्यात खडक दिसेनासा झाला. खाली कालवं, वर पाहुण्यांचा जाड थर. कालवाला तोंड उघडायला जागा नाही, पाणी मिळत नाही, ती जागच्या जागी मेली. आई टोपली घेऊन जायची आणि तळाला चार कालवं घेऊन यायची.

मग बायका हिशेब मांडायला लागल्या. ही आधी नव्हती. मग काय नवीन झालं? बाईच्या दोऱ्या. आणि सगळ्यात जास्त पाहुण्या कुठे? दोऱ्यांवर. दिसायला अगदी सरळ होतं ते. आई मला म्हणाली, "तुझ्या बाईनं बी पेरलं खाडीत."

देवळापुढे बैठक झाली. तुम्हाला बोलावलं, तुम्ही आलात, एकट्या. खुर्ची दिली तरी बसला नाहीत. सांगत होतात की कौलावर ती येऊन बसली, कौलाने तिला आणलं नाही. कुणी ऐकत नव्हतं. मग आई उठली. सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली, "नंदे, तू सांग. तू होडीत असतेस. दोऱ्या टाकायच्या आधी व्हती का ही?"

बाई, होती. मी पाहिली होती.

दोऱ्या टाकायच्या आधीच्या वर्षी मी खाडीच्या वळणावर चिंबोऱ्या पकडायला गेले होते. तिथे माझ्या मामाचा बार्ज, माल वाहायचा सपाट लोखंडी तराफा, बांधून ठेवलेला होता. खाडीबाहेरच्या मोठ्या जहाजांच्या बंदराच्या बाजूला कामावर होता तो बार्ज, काम संपलं तसा आणून वळणावर उभा केला. मामा गिऱ्हाईक शोधत होता. ओहोटीला बार्जच्या पोटाखाली हात घातला तर बोटं कापली. खाली वाकून बघितलं, तर सगळं पोट काळ्या शिंपल्यांनी मढलेलं. मी त्याला काही नाव दिलं नाही, चिंबोऱ्या घेऊन घरी आले. पुढे तुमची दोरी काळी निघाली तेव्हा मी ती शिंपली ओळखली. तुम्ही "ही आपली नाही" म्हणालात तेव्हाही माझ्या ओठांवर होतं. पण वडील गेल्यावर मामानेच मला शिकवलं होतं. पनवेलच्या कॉलेजची फी त्याने भरली होती.

देवळापुढे मी म्हणाले, "मला नाय माहीत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग आईकडे वळून म्हणालात, "ठीक आहे. तुम्हाला नको असतील तर दोऱ्या काढा." संध्याकाळी बायकांनी होड्या काढून सगळ्या दोऱ्या तोडल्या. एक आईनेच तोडली.

सोमवारी मी कॉलेजात आले ती राजीनाम्याचा कागद पर्समध्ये घेऊन. तुम्ही सूक्ष्मदर्शक पुसत होतात. म्हणालात, "आता कौलं नकोत. पाणीच मोजू. बसल्यावर बघण्यापेक्षा पोहताना बघू." आणि मला बारीक जाळी शिवायला दिलीत. त्या जाळीच्या नादात कागद पर्समध्येच राहिला.

आपण पाणी मोजायला लागलो तेव्हा खरं भांडण सुरू झालं, आठवतं? तुमचं म्हणणं, पाहुणीची पिल्लं बंदराकडून येतात. तिथे जहाजं, तिथे तिचं माहेर. भरतीबरोबर आत येतात, ओहोटीबरोबर बरीचशी बाहेर जातात, थोडी राहतात. तसं असेल तर खाडीच्या तोंडाशी पिल्लं जास्त आणि आत कमी कमी होत जायला हवीत. नकाशावर तुम्ही बाणही काढून ठेवले होते.

मी म्हणाले, "खाडीत पडलेलं सगळं बाहेर जात नाही, बाई. आमचं वल्हं पडलं होतं, तीन दिवस वळणावरच फिरत होतं."

"वल्हं म्हणजे लाकूड. ही जिवंत आहे."

"मग ती तर अजून शहाणी असेल."

तुम्ही हसलात, पण बाण खोडले नाहीत.

त्यासाठी, एक भरती आणि एक ओहोटी पूर्ण मोजायला, आपण ते तेरा तासांचे दिवस काढले. तोंडाशी, वळणावर आणि आत, प्रत्येक ठिकाणी अमावस्येच्या उधाणाला एक, अष्टमीच्या भांगाला एक, जेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. पहाटे निघायचं, होडी एका जागी नांगरायची, दर तासाला वरचं पाणी घ्यायचं आणि तळाचं पाणी घ्यायचं. तळाची बाटली शिशाचं वजन लावून खाली सोडायची आणि दोरीला झटका देऊन बूच काढायचं, ही युक्ती तुमची. मला झटका जमायचा, तुम्हाला नाही. ऊन वाढलं की तुम्ही छत्री माझ्यावर धरायचात आणि स्वतःच्या डोक्यावर पदर घ्यायचात. नको म्हटलं तर, "तू दमलीस तर परत कोण नेणार?" दुपारी खारघरच्या इमारती उन्हात पांढऱ्या व्हायच्या, त्यातली तुमची कुठली ते तुम्ही मला दरवेळी दाखवायचात आणि दरवेळी वेगळी दाखवायचात.

प्रयोगशाळेत बाटल्या मोजायला मी बसायची. पाहुणीचं पिल्लू पहिल्यांदा पाहिलं तो दिवस माझ्या लक्षात आहे. इंग्रजी डी अक्षरासारखं पारदर्शक कवच, मिठाच्या कणाहून कितीतरी लहान. फॉर्मॅलिनमधली निपचित असतात. पण तुम्ही एक बाटली मुद्दाम जिवंत ठेवली होती. त्यातलं पिल्लू कवचातून एक गोल पडदा बाहेर काढून, त्याच्या कडेचे केस हलवत भिरभिरत वर जात होतं. मग पडदा आत ओढला, कवच मिटलं आणि दगडासारखं खाली गेलं. "बघ," तुम्ही कुजबुजलात. "एवढंच येतं तिला. वर जाणं आणि खाली जाणं."

आणि तेवढ्यावर ती सगळी खाडी चालवत होती. आकडे मांडले तेव्हा दिसलं ते असं, भरतीला पिल्लं वरच्या पाण्यात, ओहोटीला तळाशी. पाणी बाहेर धावतं तेव्हा ती खाली बसून राहतात, तळाला ओढ कमी असते. पाणी आत यायला लागलं की वर उठतात आणि त्याच्यावर बसून आत येतात. म्हणजे पाण्याच्या एका फेरीत ती मागे थोडी जातात, पुढे जास्त येतात. आणि सगळ्यात दाट होती ती खाडीच्या तोंडाशी नाही, वळणावर.

तुम्ही नकाशा काढलात, खोडरबर घेतलंत आणि बाण पुसलेत. "माझं चुकलं. तुझं अर्धं बरोबर निघालं." कॉलेजातल्या दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाला सहायकासमोर असं म्हणताना मी पाहिलेलं नाही.

मी विचारलं, "अर्धंच का?"

"कुठे थांबायचं ते वल्हं ठरवत नाही. ही ठरवते."

पुढच्या रविवारी आपण पुन्हा वळणावर नांगर टाकला. बार्ज पंधरा-वीस हातांवर उभा होता. तुम्ही वही उघडलीत. म्हणालात, "पाणी इथे घुटमळतं, ते कळलं. पण घुटमळायला आधी कुठून तरी निघायला हवं. वळणावर काय आहे, नंदा?"

मी म्हणाले, "चिखल आहे. तिवरं आहेत."

तुम्ही बार्जकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. आणि वहीत लिहिलंत. परवा तुमच्या बहिणीने त्या सगळ्या वह्या मला दिल्या. त्या तारखेच्या पानावर तुमच्या ठसठशीत अक्षरात आहे: "वळण. चिखल, तिवरं. नंदाच्या सांगण्याप्रमाणे." बार्जचा शब्दही नाही. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, याबद्दल मला आता शंका नाही. तुम्ही कुठल्याही ऑफिसात अर्ज करून बार्ज उचलायला लावू शकला असता. तसं केलं असतंत तर मामा, आई, मी, सगळे एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, असं झालं असतं. तुम्ही ते केलं नाहीत. तुम्ही वाट बघितलीत.

मग तुम्ही सूक्ष्मदर्शक घेऊन आमच्या घरी आलात. दोऱ्या तुटल्यानंतर पहिल्यांदाच उंबरठा ओलांडलात. आईच्या हाताला चिंधी बांधलेली होती, खडक खरवडताना पाहुणीच्या धारेने तळवा कापला होता. तिने तुम्हाला बस म्हटलं नाही, पण पाणी दिलं. तुम्ही खिडकीपाशी उजेडात सूक्ष्मदर्शक मांडलात, जिवंत पिल्लं असलेल्या पाण्याचा एक थेंब काचेवर टाकलात आणि म्हणालात, "या, बघा तुमची पाहुणी लहानपणी कशी असते."

आई आधी आली नाही. मग आली. एक डोळा मिटायला तिला जमेना, तर मी हाताने झाकला. ती बघत राहिली, खूप वेळ.

"चालतंय हे," ती म्हणाली. "पाय नाय तरी चालतंय."

"वर जातं, खाली जातं. भरती-ओहोटी कळते त्याला."

"मंग हे दोरीवरनं नाय आलं."

"नाही. दोरीवर बसलं. आलं दुसरीकडून."

"कुठनं?"

तुम्ही काच पुसायला घेतलीत. मान वर न करता म्हणालात, "ते नंदा सांगेल."

मी सांगितलं. बार्जचं सांगितलं, चिंबोऱ्या पकडायला गेले होते ते सांगितलं, दोऱ्यांच्या आधीच्या वर्षी पाहिलं होतं तेही सांगितलं. आई माझ्याकडे बघत होती. ती मारेल असं वाटलं मला, तिशी उलटलेली होते तरी.

"माजे भावाचा बार्ज," ती म्हणाली. आणि मग तुम्हाला, "बाई, तुमी जेवून जा. भाजी करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मामाकडे गेली. मी मागे उभी होते.

"दादा, बार्ज काढ."

"गिऱ्हाईक बघतोय ना. थांब जरा."

"तवर आमी काय खावं? सगल्या बायकांना सांगू का, कुनाच्या बार्जखालनं आली ही? का तू काढतोस?"

मामाने काढला. पुढच्या मोठ्या उधाणाला, पाणी अगदी वर चढलं तेव्हा सगळ्या गावाने दोरखंड धरून बार्ज काठावर ओढला, इतका वर की नेहमीची भरती त्याला लागू नये. महिना-दीड महिना उन्हात ठेवला. मग खरवडला. तिथे तुम्ही मामाशी भांडलात, कारण तो खरवडलेल्या शिंपल्या खाडीत लोटायला निघाला होता. "एक घमेलंसुद्धा पाण्यात जाणार नाही," म्हणत तुम्ही चिखलात त्याच्या पुढ्यात उभ्या राहिलात, छत्री उघडून. मामा म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, घसराल." तुम्ही झाला नाहीत. शेवटी लांब कोरड्यात खड्डा खणला आणि सगळं पुरलं. मामा बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे बोलायला लागला.

पावसाळ्यानंतर आपण परत तेरा तास बसलो, त्याच वळणावर. बाटलीमागून बाटली मी मोजत होते आणि पिल्लं सापडत नव्हती. सापडली ती तुरळक. त्यानंतरच्या हिवाळ्यात आईच्या खडकावर, नवी पिल्लं न आल्याने, पाहुणीच्या मेलेल्या थराला भेगा पडल्या आणि मधून कालवं वर आली. सगळा खडक काही परत मिळाला नाही. पण आईची टोपली पुन्हा जड झाली, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलंय.

त्यावरून आपलं जे भांडण राहिलं, ते राहूनच गेलं. मी म्हणायची, खाडी साफ करता येते. तुम्ही म्हणायचात, नाही, फक्त लक्ष ठेवता येतं. बंदर आहे तोवर दोन-चार येतच राहणार, पुन्हा कुठेतरी घर करणार. ती तुरळक पिल्लं तोंडाकडून आलेली होती, म्हणजे तुमचं अर्धंही बरोबरच होतं. हे मी तुम्हाला कबूल केलं नव्हतं. आज करते.

आणि दुसरं. तुमच्या आजारपणात मी खारघरला यायची. तुम्ही गच्चीच्या दाराशी खाट ओढून घेतली होती, दोन इमारतींच्या फटीतून खाडीची एक पट्टी दिसायची. एकदा मी सुरुवात केली होती. "बाई, देवळापुढे त्या दिवशी मी..." तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात आणि माझ्याकडे बघत थांबलात. आणि मी म्हणाले, "मी म्हणत होते, फॉर्मॅलिन संपत आलंय." मग म्हणालात, "मागवून घे." त्याहून जास्त समजूतदारपणा माझ्या वाट्याला कधी आलेला नाही, आणि त्याहून जास्त लाजही.

आता गेल्या रविवारचं सांगते. पलीकडच्या गावाचं शेत खाडीला लागून आहे. खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांधाला दरवाजा आहे, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या फळ्यांवर पाहुणी बसलीय. फळी पूर्ण मिटत नाही, शेतात खारं पाणी झिरपतंय. तिथले लोक चिडलेले होते. त्यांच्या काठाला हल्ली बाहेरगावचं एक कुटुंब होडी घेऊन राहायला आलंय, सगळा रोख त्यांच्यावर. नवरा-बायको कोपऱ्यात उभी होती, कुणी त्यांना बोलू देत नव्हतं. मला निरोप आला तशी मी गेले. आई म्हणाली, मी पण येते. गुडघे दुखतात तिचे, तरी आली.

मी होडी तपासली. पोट स्वच्छ होतं. मग सगळ्यांसमोर उभी राहिले. सभेत मला दोन वाक्यं जमली नव्हती, इथे जमली. म्हणाले, "या होडीतून आलेली नाही. ही पिल्लू असताना पाण्याबरोबर येते. कशी येते, कुठे थांबते, ते मी दाखवते. पण त्याआधी एक ऐका. आमच्या गावात ही पहिल्यांदा आली तेव्हा असाच आळ एका बाईंवर आला होता. मी खरं काय ते पाहिलेलं होतं. मला सगळ्यांसमोर विचारलं आणि मी खोटं बोलले. माझ्या माणसाला वाचवायला. त्या बाई गेल्या. त्यांची माफी मागायची राहिली."

आई खाली बसली होती, बांधावर. ती म्हणाली, "मी बी दोरी तोडली व्हती त्यांची." आणि मग, उठायला माझा हात धरत, त्या लोकांना, "आता ती सांगते तसं करा. तिला येतंय."

कोपऱ्यातल्या त्या बाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, "मग आता बघायचं कुठे?"

मी त्यांना ओहोटीची वेळ सांगितली आणि आम्ही वरच्या अंगाने एकेक होडी, एकेक खांब तपासायला निघालो.